मापटंभर गोडंबी

नृसिंहशास्त्र्यांचे केदारराव, केदाररावांचा सुहास, आणि सुहासची कन्या भार्गवी. पहिले माझे सासरे, दुसरे माझे यजमान, तिसरा माझा मुलगा. ज्या बिब्याविषयी मी लिहीत आहे, तो सासऱ्यांनी तोडला, यजमानांना रुजवता आला नाही, मुलाने नाद सोडला आणि नातीने वाढवला.

राजूरच्या वर, डोंगरातल्या दाट रानाला लागून आमची जमीन आहे. बांधावरच्या बिब्याची फळे शेजारची रंगुबाई फोडीत असे. आतला पांढरा गर म्हणजे गोडंबी. ती बाळंतिणीच्या लाडवांत घालतात. सुहासच्या वेळी मला खाटेवरून उठवत नव्हते. रंगूही त्याच महिन्यात बाळंत झालेली. तरी स्वतःसाठी ठेवलेली मापटंभर गोडंबी तिने मला आणून दिली. मी उठून हिंडूफिरू लागले.

पुढच्या वर्षी बिब्याचे तेल सुहासच्या गालावर उतले, फोड उठले, आणि सासऱ्यांनी झाडावर कुऱ्हाड घातली. मी रंगूला शब्द दिला, "याच बांधावर पुन्हा बिबा वाढवीन आणि त्याच्याच गोडंबीने तुझे माप भरीन." रिकामे भांडे परत करावयाचे नसते, म्हणून तिचे पितळी मापटे माझ्याकडेच राहिले.

दरवर्षी आम्ही रानातून बिबे आणवीत असू. पण पुन्हा कोणाला उतू नये, म्हणून ते वर्षभर माळ्यावर वाळवून, तेल पुरते आटवूनच पेरीत असू. एकही उगवला नाही. दहा वर्षांच्या भार्गवीने एकदा विचारले, "आजी, तू बी पेरतेस की त्याचे वर्षश्राद्ध घालतेस?" आणि तिने रानातले ओले फळ आणून तसेच पुरले. आठ दिवस तिची बोटे फोडांनी भरली होती. बिबा मात्र उगवला.

त्याला पंधरा वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात झाड प्रथमच लगडले, आणि यंदा रंगूची नात आरती बाळंत झाली. भार्गवीने फळे फोडली. मापटे दोन बोटे उणे राहिले.

"आई, राजूरच्या बाजारातून मूठभर आणतो," सुहास म्हणाला. "रंगुबाईंना काय कळणार?"

"मला कळेल."

भार्गवीने झाडाखालचा पाचोळा उपसून ओंजळभर बिबे शोधले. ते मात्र मी कोणाला फोडू दिले नाहीत. हाताला राख फासली आणि दगड घेऊन स्वतः बसले. अंगठा उतला, मापटे भरले. ते घेऊन मी रंगूच्या घरी गेले.

रंगूने आधी माझा अंगठा पाहिला. "वयनी, या वयात बिबा फोडाया बसला व्हय? आमी काय मेलो हुतो?"

"शब्द माझा होता, रंगू. आधी माप बघ."

तिने मापट्यावरून तळहात फिरवला. कोठेही खळगा नव्हता. गोडंबी आरतीच्या ताटात ओतताना ती म्हणाली, "भरून पावलं बघा. आता बांधावर आमच्या पोरी येतील, तवा आडवू नगा."

"त्यांच्याशिवाय फोडणार कोण?"

रंगू हसली. मग मापटे पदराने पुसून तिने ते आपल्या फळीवर, त्याच्या जुन्या जागी ठेवले.