न कळलेली भाकरी

राजनंदिनी काय बोलते ते अख्ख्या रिहे गावात एकट्या बानूबाईला कळायचं. पोरीच्या टाळूला जन्मापासून भोक होतं. ओठ धड होते, म्हणून वरवर पाहणाऱ्याच्या काही लक्षात यायचं नाही. पण तोंड उघडलं की वारा सगळा नाकावाटे निघून जायचा आणि शब्दांचा नुसता गुंगाट व्हायचा. ‘प’ नाही, ‘ब’ नाही, ‘क’ तर नाहीच. ‘बाबा’ म्हणायला गेली की ‘मामा’ व्हायचं आणि वस्तीवरची पोरं हसून लोळायची. बानूबाई जवळ असली की ती सांगायची, पोरगी पाणी मागतीया, पोरगी म्हणतीया कोकरू काट्यात अडकलंय. आईच तिची जीभ होती म्हणा ना.

पाचव्या वर्षी पुण्यात ऑपरेशन झालं आणि टाळू शिवली गेली. बानूबाईचा नवरा धुळा वाट बघत होता, आता पोरगी घडाघडा बोलेल. टाके विरघळले, पोरगी भाकरीचा तुकडा चावायला लागली, पण बोलणं जिथल्या तिथंच राहिलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की शिवणं आमच्या हातातलं, बोलणं शिकावं लागेल. भूगावात लहान मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई राहतात, त्यांच्याकडे न्या. इकडे शाळेत गुरुजींनी तिला शेवटच्या ओळीत बसवून टाकलं होतं आणि हिला मंद मुलांच्या शाळेत घाला, असा निरोप धाडला होता. त्या दिवशी बानूबाई जेवली नाही.

दरवर्षी दिवाळी झाली की धुळा मेंढरं घेऊन ताम्हिणीचा घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडाशी परत वर यायचा. बायको, पोर, घोडं, पाल, सगळा संसार बरोबर. त्या वर्षी बानूबाईनं सांगून टाकलं की ती येणार नाही. धुळा चिडला. पालावर भाकरी कोण थापणार, असं त्यानं विचारलं.

“तुमी थापा, न्हाईतर कोंडिबाला शिकवा,” बानूबाई म्हणाली. “मेंढरं वरसाच्या वरसाला कोकणात जात्यात. पोरीचं तोंड आत्ता उघडलं तर उघडंल.”

कोंडिबा म्हणजे धुळाचा धाकटा भाऊ. तो गालात हसला. धुळा दोन दिवस बोलला नाही, पण तिसऱ्या दिवशी काबरी धरून दोन शेळ्या बानूबाईसाठी मागं ठेवून कळप घेऊन निघाला.

बानूबाईनं कासार आंबोलीला एका बंगल्यावर झाडांना पाणी घालायचं काम धरलं. दर गुरुवारी काम उरकलं की पोरीला घेऊन ती सहा आसनी रिक्षातून भूगावला जायची. बोलायला शिकवणाऱ्या त्या बाई म्हणजे जान्हवी. ती लातूरची. नवऱ्याची नोकरी कॉम्प्युटरच्या कंपनीत, म्हणून इकडे आलेली. नव्या इमारतीतल्या तिच्या फ्लॅटमध्ये एक खोली मुलांसाठी मोकळी ठेवलेली होती. पहिल्या दिवशी तिनं पोरीला नाव विचारलं, उत्तर बानूबाईनं दिलं. वय विचारलं, तेही बानूबाईनंच सांगितलं. मग जान्हवीनं एक छोटा आरसा पोरीच्या नाकाखाली धरला आणि ‘पपई’ म्हणायला लावलं. ‘मम्मई’ आलं आणि आरशावर वाफ धरली.

“ही वाफ इथं यायला नको,” जान्हवीनं आरसा दाखवून सांगितलं. “वारा तोंडातून गेला पाहिजे. टाळू आता चांगली आहे, राजनंदिनी. जिभेला अन् ओठांना ते अजून माहीत नाही, एवढंच.”

तिनं दोन बोटांनी पोरीचं नाक हलकेच दाबलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. वाऱ्याला दुसरी वाटच उरली नाही. ओठ फट्‌दिशी उघडले आणि ‘प’ बाहेर पडला. राजनंदिनी दचकली. आवाज कुठून आला ते बघावं तसा तिनं आपल्याच तोंडाला हात लावला.

घरी बानूबाईनं लोकरीचा पुंजका तळहातावर ठेवून पोरीच्या तोंडापुढं धरला. ‘प’ नीट आला की पुंजका उडायचा. नाकातून गेला की जागचा हलायचा नाही. शेळ्यांमागं, चुलीपुढं, रस्त्यानं चालताना, हाच खेळ. संक्रांतीपर्यंत ‘प’ बसला, ‘ब’ बसला. ‘क’नं फार छळलं. आणि एका गुरुवारी जिन्यातून उतरताना पोरगी ‘बाबा’ असं साफ म्हणाली. बाप तिथं नव्हता. मग तिनं वॉचमनला म्हणून दाखवलं.

पण नवीनच तिढा पडला. जान्हवीसमोर पोरगी शब्द नीट म्हणायची आणि घरी आली की पुन्हा तोच गुंगाट. बानूबाईनं हे सांगितलं तेव्हा जान्हवी म्हणाली, “ताई, तुम्हाला तिचं सगळं कळतं, तिथंच अडतंय. तिला येणारा शब्द तिनं जुन्या तऱ्हेनं म्हटला, तर तुम्हाला कळायला नको.”

“कळतंय तर न्हाई कळलं कसं म्हणू, म्याडम?”

“अवघड आहे,” जान्हवी म्हणाली. “पण तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही.”

त्या संध्याकाळी पोरगी चुलीपाशी आली आणि जुन्या बोलीत भाकरी मागितली. बानूबाईच्या कानाला तो शब्द आरशासारखा स्वच्छ होता. तिनं मान हलवली, न्हाई कळलं. पोरीनं पुन्हा मागितली. पुन्हा न्हाई कळलं. पोरीनं टोपल्याकडं बोट दाखवलं तर बानूबाईनं तिकडं पाठ केली. आपल्या आईलाही आपलं कळेनासं झालं, हे पोरीला सोसवलं नाही. ती रडत जाऊन शेळ्यांजवळ बसली. तव्यावरची भाकरी करपली, तरी बानूबाईला ती उलटायचं सुधरलं नाही. मॅडमला काय जातंय सांगायला, असंही मनात येऊन गेलं. उठून पोरीला पोटाशी धरावं म्हणून ती अर्धी उठलीही, आणि परत बसली.

बऱ्याच वेळानं पोरगी दारात आली. नाक पुसलं, ओठ मिटून घेतले आणि एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखं म्हणाली, “भा-क-री दे.”

बानूबाईनं तिला दोन दिल्या, वर दूध घातलं, आणि मग धुराचं निमित्त करून डोळे पुसले. त्यानंतर घरात त्या शब्दासाठी कधी भांडण झालं नाही. ‘स’ अजून नाकात अडकायचा. जान्हवी म्हणाली, त्याला वर्ष लागेल, लागू दे.

धुळा दर बाजाराच्या दिवशी कोकणातून गावातल्या विठ्ठलरावांच्या दुकानात फोन करायचा. नेहमी बानूबाई बोलायची आणि पोरगी नुसती ऐकायची, कारण समोर असतानाही बापाला तिचं बोलणं धड उमगत नसे, तोंड दिसल्याशिवाय तर नाहीच. त्या दिवशी घंटी वाजली तशी बानूबाईनं फोन उचलून थेट पोरीच्या हातात दिला आणि दोन पावलं मागं सरली.

“बाबा, मी बोलतीया,” राजनंदिनी म्हणाली.

धुळानं विचारलं, कुनाची पोर हाय गं तू? जरा राजीच्या आयला बोलीव. त्याचा आवाज एवढा मोठा, की दुकानभर ऐकू आला. पोरीनं आईकडं बघितलं. बानूबाईचा हात पुढं झाला, पण तिनं तो पदरात गुंडाळून घेतला.

“मीच राजी हाय,” पोरगी म्हणाली. “काबरी व्याली. दोन करडं हायेत. काळी.”

साखर तोलणारे विठ्ठलराव थांबले. मग धुळानं सावकाश विचारलं, “दोन? दोन्ही काळी?”

“व्हय.”

धुळाचा तो प्रश्न ऐकला आणि बानूबाईला समजलं, ताम्हिणीच्या खाली, पोरीचं तोंड न बघता, बापाला शब्द न् शब्द पोचला होता. धुळा तिकडं कोंडिबाला हाका मारत होता. कोंडिबानं फोन घेतला, त्याचा विश्वास बसेना, त्यानं मुद्दाम विचारलं काय जेवलीस. पिठलं-भाकरी, पोरगी म्हणाली. मग त्यांच्याबरोबरचा मेंढका बहिरू आला. मग धुळानं पुन्हा फोन घेतला आणि करडांचं पहिल्यापासून सांगायला लावलं, जणू त्यानं ऐकलंच नव्हतं.

शेवटी बानूबाईलाही नवऱ्याशी बोलावंसं वाटलं. तिनं फोनसाठी हात पुढं केला. राजनंदिनीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि पाठ वळवली.

“थांब आये,” ती म्हणाली, “माजं बोलनं चाललंय.”

बानूबाई दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली आणि हसायला लागली.