कोंबांचं कालवण आणि दुसरी गुहा

फेटसमोनने वर्षभर खटपट करून हा दिवस जुळवून आणला होता, आणि तिची आई सकाळी सकाळी बांबूचे कोंब सोलत बसली होती.

फोनसावानच्या पुढे डोंगरात एक मोठी गुहा आहे. लढाईच्या दिवसांत विमानांच्या भीतीने अख्खं गाव तिच्यात राहायला गेलं होतं, आणि एका सकाळी पडलेल्या बाँबने ते गाव संपवलं. गुहेसमोर आता स्मारक आहे. दर पावसाळ्यात तिथे भिक्षूंना जेवण वाढून गेलेल्यांसाठी प्रार्थना होते. त्या गावातून वाचलेल्या मोजक्या माणसांत फेटसमोनची आई ओनसी होती, तेव्हा नऊ वर्षांची. यंदा तिने चार शब्द बोलावेत म्हणून फेटसमोनने गावच्या मुखियाला कितीदा तरी फोन केले होते, राजधानी व्हिएंतियानहून रजा काढून आली होती, आईसाठी कमरेला गुंडाळायचा नवा रेशमी सिन आणला होता. सिन घडीतच होता. आईच्या हाताला कोंबांची कुसं लागली होती.

"बाजारात तयार कालवण मिळतं, आई."

"त्यात यानांगच्या वेलीचा पाला नसतो. नुसतं पाणी."

फेटसमोनचा थोरला भाऊ खामफुई गाडी पुसत होता. त्याने आईचीच बाजू घेतली. एवढ्या लांब जायचं तर डबा घरचाच हवा, म्हणाला. मग पाला कुटून त्याचा हिरवा रस काढणं आलं. मग पादेकची बरणी उघडली, तर ती आंबवलेली मासळी आईच्या मनास येईना. शेजारणीकडून दुसरी आणवली. चिकट भात वाफेवर चढला तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. फेटसमोन गाडीत जाऊन बसली.

वाटेत खामफुई मिरच्या घ्यायला थांबला. पुढे पुलाजवळ चाक चिखलात रुतलं. ते स्मारकाशी पोचले तेव्हा दुपार टळली होती. भिक्षू दुपारनंतर जेवत नाहीत, त्यामुळे सगळं केव्हाच आटोपलं होतं. दोन बाया चटया गुंडाळत होत्या. मुखियाने नम्रपणे हात जोडले आणि पुढच्या वर्षी नक्की या म्हणून सांगितलं.

फेटसमोनचा संताप संताप झाला. "पुढच्या वर्षी," ती आईला म्हणाली, "म्हणजे मी पुन्हा सगळ्यांच्या पाया पडायचं, आणि तू पुन्हा कोंब सोलत बसायचं."

ओनसी स्मारकाकडे पाहतसुद्धा नव्हती. डब्याचं झाकण घट्ट आहे का ते बघत ती शांतपणे म्हणाली, "मी इथे बोललेच नसते. आमची गुहा ही नव्हे."

"म्हणजे?" खामफुईने विचारलं.

गावाचे दोन वाटे झाले होते, तिने सांगितलं. बहुतेक जण या मोठ्या गुहेत. तिची आई, आजी आणि धाकटी बहीण वान दुसऱ्या टेकडीपोटच्या लहान गुहेत, कारण तिथे झरा होता. एवढं बोलून तिने डबा काखेत घेतला आणि शेताच्या बांधावरून चालू लागली.

रान ओलं होतं. फेटसमोनचे शहरी बूट शेवाळावर घसरत होते, पोटऱ्यांना जळवा चिकटत होत्या. पुढे आई, मागे धापा टाकणारा खामफुई. इतकी वर्षं आपण या बाईला कागद, तारखा, साल विचारत राहिलो आणि ही हं हं करत राहिली, हे आठवून फेटसमोन चरफडत होती.

"तू सांगितलं का नाहीस कधी?"

"तू त्या गुहेचंच विचारायचीस," ओनसी मागे न वळता म्हणाली. "तिथलं मला काय ठाऊक?"

वेळूच्या बेटापाशी वाट संपली. पलीकडे चढणीवर गुहेचं तोंड दिसत होतं, अर्धं दगडांनी बुजलेलं. आणि अलीकडे, आडव्या रांगेत, लाल रंगाचे खुंट रोवलेले होते. जमिनीत न फुटलेले बाँब आहेत, पुढे पाऊल टाकू नका, असा त्या लाल रंगाचा अर्थ त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

ओनसी दोन खुंटांमधून पुढे निघाली.

फेटसमोनने झेप घालून तिचा दंड पकडला. आई हिसके देऊ लागली. म्हातारीच्या अंगात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. खामफुईने तिला दुसऱ्या बाजूने धरलं. डबा पडता पडता राहिला.

"सोड. इथूनच गेले होते मी. काही झालं नव्हतं."

"तेव्हा नव्हतं झालं!" फेटसमोन ओरडली. "आता मी तुझे तुकडे गोळा करत बसू का?"

ओनसी मटकन खाली बसली. डबा मांडीवर घेऊन तिनेच सांगितलं. वान भुकेने रडायची. दिवसा धूर दिसला तर विमानं यायची, म्हणून चूल पहाटेच्या अंधारात पेटायची. त्या पहाटे शिजवायला काही नव्हतं. आईने ओनसीला कोंब खणायला धाडलं. ती ओंजळभर कोंब घेऊन या बेटापाशी आली, तेव्हा वर गुहेचं तोंड नव्हतंच, धूळ होती फक्त.

"ते कोंब मी दोन दिवस हातात धरून होते म्हणे," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

खुंटाच्या अलीकडे केळीचं पान पसरून तिने कालवण वाढलं, भाताचे गोळे ठेवले, हात जोडले. उरलेलं तिघांनी तिथेच बसून खाल्लं. गार झालं होतं, पण चांगलं झालं होतं. तेही फेटसमोनला कबूल करवेना.

स्मारकाशी परत आल्यावर फेटसमोनने मुखियाला गाठलं. ती जागा कधी साफ होणार, असं विचारलं. बाँब शोधणारी माणसं कोरड्या दिवसांत येतात, तो म्हणाला, पण आधी शेतं आणि शाळा. त्या टेकडीवर कोण जातं? मग तिथेही माणसं मेली हे निदान दगडावर कोरा, असं तिने बजावलं. तो अवघडला. दगडावर सगळ्या गावाचाच उल्लेख आहे, ताई, त्यात तुमचेही आले, म्हणाला.

"पण ते इथे नव्हते," फेटसमोन म्हणाली.

मुखियाने पुन्हा हात जोडले. खामफुई गाडीचा हॉर्न वाजवत होता. पुलाजवळचा चिखल उजेडातच पार करायला हवा होता.