मेलेल्या माणसाचा ताप

प्रभाकररावांना पकडायला पोलीस आला, तेव्हा ते भिंतीवर होते, चंदनाच्या हारात.

हवालदाराने चिक्कडपल्लीच्या त्या घराबाहेर बूट काढले, फोटोकडे पाहिलं, हातातल्या वॉरंटाकडे पाहिलं. "येइच हैं क्या साब?"

"हौ, हेच," त्यांची मुलगी मेघना म्हणाली. "न्या."

तो ओशाळला. कोर्टाला कळवायला पाहिजे होतं, असं काहीतरी पुटपुटत निघून गेला.

कळवायचं काम मकरंदचं होतं. मकरंद हा बाबांचा लांबचा पुतण्या आणि वकील. सोसायटीच्या पाण्यावरून शेजाऱ्याला ढकलल्याचा खटला बाबांवर वर्षानुवर्षं चालला होता. निवृत्त मुख्याध्यापक माणूस. इस्त्रीचा सदरा घालून प्रत्येक तारखेला वेळेआधी हजर. तक्रारदार येत नसे, साक्षीदार येत नसत, मकरंदही उशिराच उगवे. आपलं नाव पुकारतील म्हणून बाबा पाणी प्यायलासुद्धा उठत नसत. कोर्टाच्या त्या इमारतीत कायद्यावर श्रद्धा असलेला तो एकटाच माणूस असावा, आणि तोच आरोपी होता.

मलकपेठेतल्या ऑफिसात मकरंदने तिची शिकवणी घेतली. "बघ, आधी समन्स. माणूस आला नाही, तर जामीनपात्र वॉरंट. तरी नाही आला, तर अजामीनपात्र. म्हणजे पोलिसांनी धरून समोर उभं करायचं. न्यायाधीश रद्द करेपर्यंत ते जिवंत राहतं."

"वॉरंट जिवंत राहतं."

"टोमणे नको मारू, मेघना."

"बाबा गेल्यावर तू कोर्टाला काय सांगितलंस?"

मकरंद पेपरवेट फिरवत बसला. मग कळलं. त्याच्या ऑफिसात सगळ्या अशिलांसाठी एकच छापील अर्ज होता: आरोपी तापाने आजारी आहे, गैरहजेरी माफ व्हावी. बाबांच्या हयातीत त्यांच्या नावाने तो कधी लागला नव्हता. ते गेल्यावर लागू लागला.

"ज्युनिअर सवयीने देत राहिला गं. मग एका तारखेला तेही विसरला. म्हणून वॉरंट."

"मृत्यूचा दाखला दे ना. खटला संपेल."

"संपेल. पण जज्ज मॅडम विचारतील, मयताला ताप कसा आला? माझी वकिलीची सनद जाईल. त्यापेक्षा हवालदाराला 'पत्त्यावर सापडत नाही' लिहू दे. मी बोलतो त्याच्याशी. कोर्ट फरार जाहीर करेल, फाईल कपाटात जाईल."

"आणि दारावर नोटीस लागेल. आई राहते त्या घरात."

"चार दिवसांचं असतं ते. निर्मलाकाकूंना सांगू काहीतरी. काकांना आता काय फरक पडतो?"

तेराव्याला याच माणसाने 'काकांसारखा सचोटीचा माणूस होणे नाही' म्हणत मसालेभात तिसऱ्यांदा घेतला होता. मेघनाने पर्स उचलली.

पुढच्या तारखेला नाव पुकारल्यावर मागच्या बाकावरून मेघना उठली. बाबा उठत तशीच, पटकन.

"ते वारले," ती म्हणाली आणि दाखला पुढे केला.

मॅडमनी दाखल्यावरची तारीख पाहिली, फाईल मागे चाळली. "यानंतरचे तापाचे अर्ज आहेत."

मकरंद झटकन पुढे झाला. "घरच्यांनी मला कळवलंच नाही, मॅडम. दुःखात होते बिचारे."

वॉरंट आता रद्द होणारच होतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण बाबांच्या नावावर खोटा ताप लागला होताच, आता घरचे खोटे ठरणार होते.

"यांनी खांदा दिला होता," मेघना म्हणाली. "पुढून, डावीकडे."

मॅडमनी पेन उचललं. वॉरंट रद्द; पोलिसांनी मृत्यूची खातरजमा करावी, मग खटला बंद होईल. आणि वकिलांनी पुढच्या तारखेला स्वतः हजर राहून लेखी खुलासा द्यावा.

बाहेर व्हरांड्यात मकरंदने तिला गाठलं. त्याला घाम फुटला होता. "घरच्या माणसाला असं करतात, मेघना? आता मी काय सांगू त्यांना?"

तिने दाखल्याची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"ताप आला म्हण. अर्ज छापलेलाच आहे."