घरचं माणूस

दर्शना लालबागच्या एका बालवाडीत शिकवायची. तिची चार वर्षांची आम्रपाली तिथेच, दुसऱ्या बाईंच्या वर्गात होती. शाळेने एक दिवस ठरवला: प्रत्येक मुलाने घरचं एक माणूस आणायचं आणि घरी काय शिकतो ते दाखवायचं.

"मी काकूला आणणार," आम्रपालीने जाहीर केलं.

काकू म्हणजे प्रिती, दर्शनाची धाकटी जाऊ. बारावी नापास. दोन्ही जावा राहत त्या घोडपदेवच्या खोलीतच मशीनवर ब्लाऊज शिवायची. दर्शनाला शाळेत संध्याकाळ व्हायची, म्हणून दुपारपासून पोरगी प्रितीकडेच. दर्शनाने डिप्लोमा केलेला, रंगांची कार्डं घरी आणलेली; पण पोरीला रंग कळले ते काकूच्या रिळांवरून. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली. बुद्धवंदनाही काकूच्याच मांडीवर पाठ झाली.

दर्शनाच्या पोटात दुखायचं. तिने फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं आणि प्रितीला काही सांगितलंच नाही.

त्या दिवशी तिने सगळ्यांसमोर कार्ड धरलं. "सांग, हा कुठला रंग?"

आम्रपाली दाराकडे बघत राहिली. "काकू कधी येणार?"

"तिला काम आहे."

पोरीने तोंड मिटलं ते मिटलंच. "घरी बोलते ना ही?" वर्गाच्या बाईंनी हळूच विचारलं. दर्शनाचे कान तापले. बाहेर जाऊन तिने फोन लावला.

वीस मिनिटांत प्रिती धापा टाकत आली, गळ्यात टेप तसाच. आम्रपालीने तो ओढून घेतला आणि एकेका मुलाचं माप घ्यायला लागली. "तू बावीस. तू चोवीस, जाडू!" वर्ग खदखदला. पोरीला विसाच्या पुढचे आकडे येतात, हे दर्शनाला ठाऊकच नव्हतं. तिने टाळ्या वाजवल्या, दात आवळून.

घरी जाताना प्रिती म्हणाली, "ताई, आधी सांगायचं ना. धड साडी तरी नेसले असते."

"मुद्दाम नाही सांगितलं. ती तुझीच होत चाललीय."

प्रिती थबकली. "तुम्ही आल्या आल्या कार्डं काढता. नुसतं जवळ कधी घेता?"

दर्शनाला राग आला. "उद्यापासून संध्याकाळची अंघोळ मी घालणार," ती एवढंच म्हणाली.

"घाला की."

तीन दिवस आम्रपाली मोरीत काकूच्या नावाने रडली. बाहेर मशीन चालत राहिली, आणि तो आवाजही दर्शनाला सहन होईना. चौथ्या दिवशी साबण डोळ्यांत गेला आणि पोरगी किंचाळली, "आई!"


दर्शनाने तिला ओलीचिंब तशीच छातीशी धरली.