ड्रोनची प्रभावळ

उजाडून फार वेळ झाला नव्हता, तरी कड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. समोरची दरी धुक्याने काठोकाठ भरलेली, पाठीशी नुकतंच वर आलेलं ऊन, आणि मधल्या त्या चिंचोळ्या सपाटीवर थंडीने कुडकुडणारी दीड-दोनशे माणसं. सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे. पांढरी शाल, पांढरी दाढी, आणि आवाज असा, की लाउडस्पीकरवाल्याचा धंदा बसावा. लोक त्यांना कड्यावरचे बाबा म्हणत. त्यांच्या सावलीच्या डोक्याभोवती प्रभावळ दिसते अशी एक फिल्म मोबाइलवर फिरत होती, तेव्हापासून ही गर्दी लोटत होती.

"सूर्य माझ्या पाठीशी आहे, बाळांनो, म्हणून तुमच्यासमोर तेज आहे!" बाबा गर्जत होते. "तुमच्या देहातल्या लहरी मी जागवतो. कृपा झाली, की डोक्याभोवती प्रभावळ उमटते. कापराला ज्योत लागावी, तशी!"

कृपेचे नियम मात्र सरकारी कचेरीला लाजवतील असे होते. कठड्याशी एका वेळी एकानेच जायचं. मोबाइल आधीच टोपलीत टाकायचा, कारण मोबाइलच्या लहरींनी बाबांच्या लहरी बिघडतात. आणि बघायचं ते फक्त स्वतःच्या सावलीकडे. एकेक जण पुढे जाई, खालच्या धुक्यावर पडलेली आपली लांबलचक सावली बघे, आणि त्या सावलीच्या डोक्याभोवती खरोखरच रंगीत वलय दिसे, आत निळसर, बाहेर तांबूस. मग हुंदके, लोटांगण आणि पुढचा नंबर.

ताई रांगेच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती. ती औषधांच्या दुकानात कामाला, डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात हयात गेलेली. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास बसणं कठीणच. पण वलय खोटं नव्हतं, ते लोकांना दिसत होतं, आणि ते काय आहे हे तिला सांगता येत नव्हतं. त्याचाच तिला राग येत होता.

ही सहल तिच्या धाकट्या भावाने ठरवली होती. धाकटा लग्नाच्या फिल्मा काढायचा. हल्ली त्याने एक छोटा ड्रोन घेतला होता आणि त्याच्यापुढे त्याला तहानभूक सुचत नव्हती. दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, हवापालट हवा म्हणून तो स्वतः गाडी चालवत त्यांना डोंगरात घेऊन आला होता. दर वळणाला गाडी थांबवायची, ड्रोन उडवायचा, आणि ढग कसे दिसतात ते स्क्रीनवर दाखवायचं. ताईलाही त्याने शिकवलं होतं. ही दांडी पुढे केली की पुढे, ही ओढली की वर, हे चाक फिरवलं की कॅमेरा खाली बघतो. लहानपणी तिने त्याला सायकल शिकवली होती, सीट धरून मागे धावत. आता तो आपल्याला शिकवतोय याचं तिला केवढं अप्रूप वाटलं होतं.

दाजी शिंपी होते. बोटात जादू, स्वभावाने भिडस्त. त्यांना फिट यायच्या. रोजच्या गोळ्यांनी त्या आटोक्यात होत्या, तरी मागच्या वर्षी एक येऊन गेली आणि तेव्हापासून त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं. हे दुखणं त्यांना फार लाजिरवाणं वाटे. डॉक्टर सोडले, तर ते फक्त ताईला आणि धाकट्याला ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती.

दाजींचा नंबर आला. ते कठड्याशी गेले, खाली वाकले आणि जागीच थिजले. बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"स्वयंपाकघरात पडला होतास ना?" बाबांनी आवाज एकदम मऊ केला. "शेगडीजवळ. जीभ चावली होती. कुणीच पाहिलं नाही तुला. पण मी पाहिलं."

दाजी लहान मुलासारखे रडायला लागले. बाबांनी विचारलं, गोळ्या कुठे आहेत? दाजींनी खिशातून पाकीट काढून दिलं, आणि बाबांनी ते सगळ्यांना दाखवून दरीत भिरकावलं.

"या विषाने तुझं तेज झाकलं होतं. आजपासून बंद. आणि आज गाडी तू चालवायचीस. सगळा घाट स्वतः उतर. तीच तुझी परीक्षा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईने मात्र टाळी वाजवली नाही. असल्या गोळ्या एकाएकी थांबवल्या तर फिट उलट उसळून येते, हे ती दुकानात रोज कुणाला ना कुणाला बजावत असे. तरीही तिला खरा हादरा बसला तो दुसऱ्याच शब्दाने. शेगडी.

मागच्या वर्षी फिट आली त्या दिवशी दाजी स्वयंपाकघरात पडलेच नव्हते. शुद्धीवर आल्यावर त्यांना काहीच आठवत नव्हतं, म्हणून ताईने ती शेगडी आपल्या मनाने रचली होती. त्यांना हलकं वाटावं म्हणून. तीच गोष्ट तिने पुढे एकाच माणसाला फोनवर सांगितली होती. तिने मान वळवली. धाकटा एका मऊ फडक्याने गळ्यातल्या कॅमेऱ्याची काच पुसत होता, गरजेपेक्षा जास्त वेळ.

ती त्याच्याजवळ गेली. हे वलय काय आहे, असं तिने सरळ विचारलं. धाकटा म्हणाला, कोण जाणे, ताई, मी असलं कधी पाहिलं नाही. धुक्यावरून रोज ड्रोन उडवणारा माणूस हे म्हणत होता, ज्याच्या स्क्रीनवर ते कधी ना कधी आलं असणारच.

"आणि दाजी गाडी चालवणार? या घाटात?"

"बाबा म्हणतायत तर होईल ना सगळं नीट," तो खाली बघत म्हणाला. "मी वरून शूट करतो. वळणं घेत उतरणारी गाडी, मागे ढग, बरा झालेला माणूस. ताई, हा एक शॉट मिळाला ना, तर बाबांचं सगळं काम मलाच आहे. लग्नाच्या फिल्मांतून सुटेन मी."

"वरून म्हणजे कड्यावरून?"

"हो. इथूनच रेंज मिळते."

"म्हणजे त्या गाडीत मी असणार, दाजी असणार, आणि तू नसणार."

धाकटा पुन्हा काच पुसायला लागला. ताईला रडू फुटेल असं वाटलं, पण फुटलं नाही. आपलं माणूस असं वागलं, की आधी स्वतःचीच लाज वाटते. आपण याला ओळखलं कसं नाही, म्हणून. तिने त्याच्या पायाशी पडलेली बॅग उचलली, ड्रोन काढून सपाट दगडावर ठेवला, रिमोट हातात घेतला आणि त्याने शिकवली तशीच दांडी ओढली. ड्रोन भुणभुणत वर गेला.

"बंद करा ते!" बाबा ओरडले. "इथे यंत्र चालत नाही!"

यंत्र छान चालत होतं. ताईने ते कठड्यापलीकडे नेलं, धुक्याच्या जरा वर थांबवलं, ऊन पाठीशी घेतलं आणि चाक फिरवून कॅमेरा खाली वळवला. स्क्रीनवर पांढरंशुभ्र धुकं आलं. त्यावर तेच गोल रंगीत वलय, आत निळसर, बाहेर तांबूस. आणि वलयाच्या बरोबर मधोमध चार हातांचा एक काळा ठिपका. ड्रोनची सावली.

ताईने स्क्रीन सगळ्यांपुढे धरली. पहिल्या ओळीतल्या एका आजींनी चष्मा सावरला. त्यांच्यामागून एका ट्रकड्रायव्हरने मान लांब केली.

"हे काय, मशीनवर पण कृपा?" ड्रायव्हर म्हणाला.

"माझ्या सान्निध्यात जड वस्तूसुद्धा पावन होते," बाबांनी लगेच सावरून घेतलं. तोंड चालवण्यात त्यांचा हात कोण धरणार!

"मग एका वेळी एक कशाला?" ताईने विचारलं. "सगळे मिळून कठड्याशी या. आणि प्रत्येकाने सांगा, वलय कुणाच्या डोक्याभोवती आहे."

कठडा मजबूत होता. माणसं हारीने उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, माझ्या. आजी म्हणाल्या, चल, काहीतरीच, माझ्या आहे की चांगलं. दोघांची जुंपायची वेळ आली, कारण दोघांच्या सावल्या शेजारीशेजारी होत्या आणि ज्याला त्याला वलय आपल्याच डोक्याभोवती दिसत होतं.

"बाबांच्या डोक्याभोवती कुणाला दिसतंय?"

कुणालाच दिसत नव्हतं. दाढीवाली सावली तेवढी सगळ्यांच्या नजरेत कोरडीच होती.

तर गंमत एवढीच आहे. ऊन पाठीशी आणि धुकं समोर असलं, की धुक्यातले पाण्याचे बारीक थेंब उजेड मागे फिरवतात आणि त्याचे रंग सुटे करतात. हे रंग बघणाऱ्याच्या डोळ्याभोवतीच गोल जमतात, म्हणून प्रत्येकाला आपलं आपलं वलय दिसतं, शेजाऱ्याचं दिसत नाही. कॅमेऱ्याने बघितलं तर कॅमेऱ्याभोवती. डोंगर चढणारी माणसं याला इंद्रवज्र म्हणतात. त्याला बाबा लागत नाही, लहरी लागत नाहीत. मोबाइल टोपलीत का जात होते तेही यावरून कळावं. आणि ज्या फिल्मवर ही गर्दी जमली होती, जिच्यात बाबांच्या सावलीला प्रभावळ होती, ती धाकट्याने काढली होती, कॅमेरा बाबांच्या कानाला लावून.

लोक कुजबुजायला लागले. दाजी मात्र कठड्याशी तसेच उभे होते.

"वलयाचं कळलं," ते ताईला म्हणाले. "पण शेगडी? ती त्यांना कशी दिसली?"

"याने सांगितली," ताई म्हणाली.

"नाही, दाजी, तुमची शपथ," धाकटा म्हणाला. "मी एक अक्षर बोललो नाही."

दाजींनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांचा विश्वास बसला. तो सहज बसण्यासारखाच होता, इतकी वर्षं बसलेला. ताईला आता एकच वाट उरली होती, आणि ती तिच्या स्वतःच्या खोटेपणावरून जात होती.

"तू स्वयंपाकघरात पडलाच नव्हतास," ती नवऱ्याला म्हणाली. "जिन्यात पडलास. भर दुपारी. सगळी बिल्डिंग जमली होती. तुझे कपडे ओले झाले होते. वरच्या मजल्यावरच्या काकांनी आणि मी तुला उचलून घरात आणलं. तुला लाज वाटेल म्हणून मी शेगडीची गोष्ट रचली. तुला सांगितली आणि याला सांगितली, तिसऱ्या कुणाला नाही. बाबांना खरंच दिसलं असतं, तर जिना दिसला असता."

धाकट्याने मान खाली घातली. दाजी बायकोकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते धाकट्याबद्दलचं होतं की तिच्याबद्दलचं, हे ताईला कळेना. एका सकाळीत त्यांना घरच्या दोन माणसांनी फसवलेलं निघालं होतं. एकाने कामासाठी आणि एकीने मायेपोटी.

अर्धी गर्दी आपापले मोबाइल शोधायला टोपलीकडे वळली. उरलेली अर्धी बाबांभोवती जमून ड्रोनवालीला नावं ठेवत राहिली. त्या लोकांना पटवत बसायला ताईकडे वेळ नव्हता. तिने पर्समधली जादा गोळी दाजींच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली. ड्रोन तिने धाकट्याच्या हातात दिला, गाडीची किल्ली मागून घेतली, आणि तू त्या ट्रकड्रायव्हरबरोबर ये, एवढंच सांगितलं. तो ताई, ताई करत गाडीपर्यंत आला. तिने काच वर केली. दुकानाची औषधं पोचवायची व्हॅन ती रोज चालवायची, घाट तिला नवा नव्हता.

वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. डोळ्यांना दिसतं ते नाकारू नका, पण ते कसं दिसतं हे विचारल्याशिवाय कुणाच्या पाया पडू नका. आपल्या मनातलं कुणी अचूक ओळखलं, तर त्याला ते कुणी सांगितलं असेल याचा आधी विचार करा. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवायचं असेल, तर ते डॉक्टरांनाच विचारा.

बरीच वळणं होईपर्यंत दाजी खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी विचारलं, जिन्यात कोण कोण होतं? ताईने एकेकाचं नाव घेतलं. शेजारची, वाण्याचा पोरगा, वरचे काका, दूधवाला. तिने एकही गाळलं नाही.

"म्हणजे वर्षभर हे सगळे मला बघून हसत होते?"

"नाही. विचारायचे, बरे आहेत ना, म्हणून. मीच त्यांना गप्प बसवलं होतं."

दाजींनी खिडकीची काच खाली केली. धुकं मागे पडलं आणि खालची गावं स्वच्छ दिसायला लागली.

"शेगडी खोटी आहे हे मला ठाऊक असतं," ते म्हणाले, "तर तो माणूस मला एक मिनिटसुद्धा फसवू शकला नसता. यापुढे मी जिथे पडेन, तिथेच पडलो असं सांग."