शत्रूंनी सांगितलेले अर्जुनराव

अजिंक्य दिघीला राहतो आणि चऱ्होलीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो. त्याची पीएचडी फिनिशियन लोकांवर आहे. हे लोक तीनेक हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राकाठी व्यापार करायचे. त्यांनी अर्ध्या जगाला लिपी दिली आणि स्वतःचं लिखाण लव्हाळ्याच्या अशा कागदावर केलं की जवळपास सगळं कुजून गेलं. ‘फिनिशियन’ हे नावही ग्रीकांनी ठेवलेलं. ते स्वतः म्हणायचे, आम्ही सिदोनचे, आम्ही टायरचे. आपल्याकडेही माणूस चऱ्होलीचा असतो, सांगवीचा असतो; पिंपरी-चिंचवडचा तो फक्त घरपट्टीच्या बिलावर असतो.

तर या लोकांची माहिती मिळते ती ग्रीकांकडून, ज्यांचा धंदा ते खात होते. आणि रोमनांकडून, ज्यांनी त्यांचं सगळ्यात मोठं शहर आधी जाळलं आणि मग सवडीने त्याचा इतिहास लिहिला. त्यांच्या राजांच्या शवपेट्यांवर ‘ही उघडू नका’ असं कोरलेलं सापडलं आहे. इतिहासकारांनी ते उघडल्यावर नीट वाचलं.

कॉलेजचे अध्यक्ष मारुतराव. त्यांचे वडील अर्जुनराव पिकल्या वयात वारले. आमच्या भागात दशक्रियेला पिंडाइतकंच भाषणांना महत्त्व असतं. घाटावर माइक लागतो, आजी-माजी नगरसेवक उभे राहतात आणि ज्याला कधी भेटले नाहीत त्याची उणीव भासत असल्याचं सांगतात. मारुतरावांना त्याहून भारी काहीतरी हवं होतं. त्यांनी अजिंक्यला बोलावलं.

“सर, तुमी काहीच शिल्लक नसलेल्या लोकांचा इतिहास काढता म्हनं. आमच्या आप्पांचा काढा. भाषन चांगलं झालं तर तुमची कायमची ऑर्डर काढतो.”

अजिंक्यच्या लग्नाची बोलणी त्या ऑर्डरपाशी अडली होती. तो लगेच साधनं गोळा करायला लागला.

घरातल्या सगळ्यांनी एकच माहिती दिली: आप्पा देवमाणूस होते. म्हणजे नेमकं काय करायचे, असं विचारल्यावर सगळे एकमेकांकडे बघायचे. सुनेला आठवलं, त्यांना चहात साखर जास्त लागायची. नातवाच्या मोबाइलात आप्पांचा एक व्हिडिओ होता. त्यात ते ‘बंद कर ते’ एवढंच म्हणत होते. जुनं घर पाडून, शेतासकट तिथे टॉवर झालेला, त्याच्या पोटात दोन मजली पार्किंग. उत्खनन करावं तर सोसायटीची एनओसी लागली असती.

मग अजिंक्यने शास्त्राप्रमाणे शत्रू गाठला.

गोजाबाई म्हणजे अर्जुनरावांच्या चुलतभावाच्या विधवा. बांधावरून दोन घरांचा दावा इतका जुना, की त्यातले पहिले वकील वारले आणि त्यांची मुलं तो चालवत होती. अर्जुनराव कधी उठायचे, कोणत्या बैलाला काय नावाने हाक मारायचे, रागावले की कोणता डोळा बारीक व्हायचा, सगळं गोजाबाईंना पाठ होतं. माणसाकडे इतकं लक्ष घरचे देत नाहीत. त्यांचं मुख्य म्हणणं मात्र एकच होतं: मेल्याने दरसाल नांगरताना बांध हात-हात आमच्यात सरकवला.

अजिंक्यने पद्धत वापरली. शत्रूच्या बोलण्यातली आग काढून टाकायची. उरतं ते खरं. आग काढल्यावर उरली चिकाटी, दूरदृष्टी आणि विस्तार.

दशक्रियेला घाट भरला होता. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण चालू होतं. नगरसेवकांचं उणीव भासवून झाल्यावर अजिंक्य उठला. अर्जुनरावांचं पहाटेचं उठणं, बैलांची नावं, बारीक होणारा डोळा... माणसं डोळे पुसू लागली. मारुतरावांनाही वडील पहिल्यांदाच भेटत होते. मग अजिंक्यला चेव आला.

तो म्हणाला, “फिनिशियनांनी तलवार न उपसता समुद्रापलीकडे वसाहती केल्या. आप्पांनीही तसंच केलं. दरसाल हातभर, पण शांतपणे. आज टॉवर उभा आहे ती अर्धी जमीन या चिकाटीचं फळ आहे.”

अख्खी भावकी खाली मान घालून बसली. बायकांच्या बाजूने गोजाबाई उठल्या. नातीचा मोबाइल हातात धरून त्या माइकपाशी आल्या.

“सर, येवढं परत सांगा. जरा ह्याच्याकडं तोंड करून.”

मारुतराव अजिंक्यच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, ऑर्डर टाइप झालीय, सही राहिलीय.

अजिंक्यने गोजाबाईंकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं. मग घसा साफ केला.

“याबाबत इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत.”

“कोन इतिहासकार? हितं तर तुमी येकलेच हाय.”

“माझेच माझ्याशी आहेत, मावशी.”

गोजाबाईंनी तेही रेकॉर्ड केलं.

पुढच्याच आठवड्यात दोन कागद आले. एक ऑर्डर, दुसरं समन्स. समन्स खरं तर दोन्ही पक्षांच्या विनंतीवरून निघालं होतं: गोजाबाईंना साक्षीदार हवा होता भाषणातल्या ‘दरसाल हातभर’साठी, मारुतरावांना नंतरच्या ‘मतभेद आहेत’साठी. मारुतरावांच्या वकिलांनी त्यांना बजावलं की साक्ष होईपर्यंत या माणसाला दुखवू नका, नोकरीवरून काढायचं तर नावच नको. साक्ष व्हायची म्हणजे आधी जमिनीची मोजणी व्हायला हवी, आणि मोजणीला कुठल्या बांधापासून सुरुवात करायची यावरच दावा आहे.

अजिंक्यचं लग्न झालं. गोजाबाईंनी आहेरात साडी दिली, मारुतरावांनी कुकर. बाजारात भेटल्या की गोजाबाई त्याला सांगतात, सर, तारीख पुन्हा पुढं गेली. तो म्हणतो, तुमचे आशीर्वाद आहेत.