रांगेतली फट

मी एक जुना झेंडेकरी आहे. उंची अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी, अंग शिशाचं, फौज माणसांची. मित्रांनो, हसू नका. एका ड्रॅगनला मी शिंक आणून मारलं आहे. झेंड्याची काठी त्याच्या नाकपुडीत खुपसली, तो शिंकला, आणि त्याच्याच राजाची दाढी जळून गेली. तिथे हजर असलेले लोक म्हणतात, फाशावर सहा पडले होते म्हणून ड्रॅगन मेला. लोकांचं काय, त्यांना फासे दिसतात, शौर्य दिसत नाही.

आमचं रणांगण म्हणजे क्लबातलं हिरव्या कापडाचं लांब टेबल. त्यावर कुणी राक्षसांची फौज मांडतं, कुणी बुटक्यांची. माझी मालकीण ताई, तिची मात्र साध्या माणसांची. आम्हाला पंख नाहीत, जादू येत नाही, मेलेला उठत नाही. आमची करामत एकच: झेंडा हाती असेपर्यंत माणसं पळत नाहीत. म्हणजे मी असेपर्यंत. आता मी फुगणार नाही तर काय!

आणि मी खरोखरच फुगलो होतो. ताई कवळ्या बनवते. तिचे बाबा कुलपं दुरुस्त करतात. बापलेकीचा वर्षातून एकदा मोठा सामना. ताई सात वर्षांची होती तेव्हापासूनचा रिवाज असा, की सामन्याआधी मला नवा रंग द्यायचा, आणि तो बाबांनीच द्यायचा. जुना रंग न उतरवता, त्यावरच नवा. सव्वीस वर्षांत माझं नाक गालात बुडालं, पोट पुढे आलं. मला वाटायचं, मी खात्यापित्या घरचा दिसतो.

बाबांची फौज हाडांची. नुसते सांगाडे, आठ-आठांच्या पाच रांगा. पण पुढच्या रांगेत मधोमध एक जागा रिकामी. पडलेल्या दातासारखी फट! कुणी विचारलं तर बाबा म्हणत, "एक हरवला. असू दे." मी माझ्या पोटावरून खाली बघून त्या फटीला खूप हसलो आहे. तेव्हा हसलो, आता अंगावर काटा येतो.

चार वर्षांपूर्वी सामन्याच्या दिवशी सकाळी ताई म्हणाली, "किती जाडोबा झालाय हा! बाबांचे हात थरथरतात हल्ली. यंदा मीच याला नीट साफ करते." आणि तिने मला रंग उतरवायच्या औषधाच्या बरणीत टाकलं, झाकण लावलं, आणि ती एका आजींची कवळी पोचवायला निघून गेली.

मित्रांनो, आधी मला गुदगुल्या झाल्या. वरचा निळा रंग सुटला, त्याखालचा लाल, त्याखालचा हिरवा. एकेक वर्ष माझ्या डोळ्यांसमोरून तरंगत गेलं. मग नाक गेलं. म्हटलं, जाऊ दे, नवं येईल. मग पोटाचा एक गोळाच्या गोळा सुटून तळाशी बसला. मी खाली पाहिलं.

फासळ्या होत्या.

मी पुन्हा पाहिलं. मोजल्या. गालाला हात लावावा म्हटलं, तर हाताची बोटं म्हणजे काड्या. मी किंचाळलो असतो, पण जबड्याला ओठच उरले नव्हते. ज्यांना आयुष्यभर हाडकुळे म्हणून हिणवलं, त्यांच्यातलाच एक बरणीत बसला होता, आणि तो मी होतो!

ताई परत आली. तिने चिमट्याने मला बाहेर काढलं आणि चिमटाच हातातून पडला. तेवढ्यात बाबा ब्रश घेऊन दारात.

"त्याला बुडवलंस?" बाबांचा चेहरा पांढराफटक. "अगं, विचारायचं तरी!"

"बाबा, हा... हा हाडांचा आहे?"

बाबा स्टुलावर बसले. "तुला माणसांची फौज हवी होती. दुकानात सगळे मिळाले, झेंडेकरी तेवढा नव्हता. तू रडून घर डोक्यावर घेतलंस. मग माझ्यातला एक काढला, लाकडाच्या भोकांत भरतात ती लांबी त्याला चोपडली, आणि पोट केलं."

"म्हणजे सव्वीस वर्षं तुम्ही एक कमी घेऊन खेळताय? आणि मी जिंकल्यावर तुम्हाला चिडवत होते?"

"छान चिडवतेस तू," बाबा म्हणाले.

ताई म्हणजे दुसऱ्यांच्या तोंडातल्या फटी भरणारी बाई. मग तिने कवळीचा पांढरा रंग काढला आणि मला, माझ्या झेंड्यासकट, सांगाड्यासारखं रंगवलं. संध्याकाळी टेबलावर तिने मला उचललं आणि बाबांच्या त्या फटीत उभं केलं.

"घ्या. चाळीस झाले. आता हरलात तर सबब नाही."

"अगं, झेंड्याशिवाय तुझी माणसं पहिल्या धक्क्याला पळतील!"

"पळू देत."

समोर माझी माणसं, आणि मी त्यांच्यावर चालून जाणार! ताईच्या तिरंदाजांनी पहिला बाण सोडला. फासा पडला; हाडांचा एक मेला. आता कोण मेला हे ज्याची फौज तो ठरवतो, आणि शहाणा माणूस मागच्या रांगेतला उचलतो. बाबांचा हात मागे गेला नाही. त्यांनी मला उचललं.

"झेंडेकरी?" पंच ओरडला. "पहिल्याच फटक्यात?"

"माझा शिपाई, माझी मर्जी," बाबा म्हणाले. क्लबाच्या नियमाप्रमाणे मेलेला शत्रूच्या बाजूला ठेवतात. त्यांनी मला ताईच्या पुढ्यात ठेवलं. "आणि पकडलेला झेंडाही झेंडाच, ज्याने पकडला त्याच्या माणसांसाठी. नियम वाच."

पंचाने नियम वाचला, पुन्हा वाचला आणि मान डोलावली. ताईने ओठ घट्ट मिटले, डोळे पुसले आणि फासे उचलले. शेवटी कोण जिंकलं ते मला नाही ठाऊक, मी मेलेलो होतो. पण त्या दिवशी माझं एकही माणूस पळालं नाही, एवढं मी मेल्या डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा मित्रांनो, एक विनंती. जुन्या वस्तूवर रंगाचे थर दिसले तर खरवडण्याआधी ते देणाऱ्याला विचारा. तो अजून दारात ब्रश घेऊन उभा असेल, तर लवकर विचारा.

आता मी दर सामन्याला बाबांच्या फटीत उभा राहतो. दरवेळी पहिला मरतो, आणि दरवेळी घरी येतो.